वेगवान मोटारींचें सारथ्य



महाभारताच्या वनपर्वांत नलोपाख्यान आहे. बाहुक या नांवानें अज्ञातवासांत असलेला नळराजा ऋतुपर्णाला रथांत घेऊन विदर्भाकडे निघाला, तेव्हां वाटेंत ऋतुपर्णाचें उत्तरीय खालीं पडलें. तें उचलण्यासाठीं रथ थांबविण्यास राजानें सांगितलें, तों तें वस्त्र योजनभर मागें पडलें होतें. त्याच रथांत नळाचा जुना सारथी वार्ष्णेय बसला होता. घोडे आवरण्याची ती ढब पाहून हा बाहुक नसून नळच असावा असा तर्क त्यानें मनांत केला. आणि रथ कुंडिनपुराजवळ आल्यावर दमयंतीनें तो डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं नुसत्या घोषावरून हांकणारा ओळखला. वेगवान वाहनांत बसलेल्याला काय वाटतें, जवळच्या जाणत्याला काय कळतें आणि दूरच्या माणसाला ऐकून काय समजतें, हे तिन्ही प्रकारचे पुरावे त्या एका कथेंत एकत्र आले आहेत.

आजच्या भाषणाचा विषय याच जातीचा आहे. मात्र रथ घोड्यांचे नसून यंत्राचे आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत युरोपांत व जपानांत ज्या अतिवेगवान मोटारी निर्माण झाल्या व ज्यांना आतां मराठींतहि 'सुपरकार' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या हांकतांना चालकाच्या अनुभवास काय येतें आणि तो अनुभव पिढीगणिक कसा पालटत गेला, याची तुलना मी करणार आहें. यांपैकीं एकहि मोटार मीं स्वतः हांकलेली नाहीं, हें आरंभींच सांगतों. परंतु पानिपतचा इतिहास शिकविणाऱ्यानें पानिपतावर तलवार गाजविलेली असली पाहिजे असें नाहीं. बखरी, पत्रें आणि हिशेब हीं एकमेकांशीं ताडून पाहणें हें त्याचें काम. येथें बखरींच्या जागीं चालकांचीं कथनें आहेत, पत्रांच्या जागीं कारखान्यांचीं कोष्टकें आहेत, आणि हिशेब तर आमच्या वेळच्या मॅट्रिकच्या गणितानेंहि करतां येतो.

तुलनेसाठीं मीं दोन प्रश्न पुढें ठेवले आहेत. मोटार आपल्या चालकाला काय सांगते, हा पहिला; आणि त्याच्या हातून चूक झाल्यास ती त्याला किती क्षमा करते, हा दुसरा. केवळ कोण किती धांवते एवढेंच पाहिलें तर कोष्टक वाचून काम संपेल. पण मग सारथ्याची गोष्ट सांगितल्यासारखें होणार नाहीं.

या घराण्याचा आरंभ कित्येक जण १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएल या मोटारीपासून करतात. हिचीं दारें पक्ष्याच्या पंखांप्रमाणें वर उघडत. यांत शोभेपेक्षां निरुपाय अधिक होता. हलकेपणासाठीं रचलेल्या नळ्यांच्या सांगाड्याच्या कडा इतक्या उंच आल्या होत्या कीं, नेहमींचें दार बसविण्यास जागाच उरली नव्हती. आंत शिरतांना स्टिअरिंगचें चक्र कलतें करावें लागे. खिडक्यांच्या कांचा खालीं होत नसत, त्यामुळें उन्हाळ्यांत आंत भट्टी पेटल्यासारखें होई. परंतु खरी मेख मागच्या आसांत होती. तो आस मधोमध बिजागरीवर हालणारा असल्यामुळें, वेगांत वळण घेतांना चालकानें घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला कीं मागचीं चाकें आंतल्या अंगास दुमडूं पाहत आणि मोटारीचा मागचा भाग एकाएकीं बाहेर फेकला जाई. भीति वाटतांच मनुष्य स्वभावतः जें करतो, तेंच येथें घातक ठरे. १९५७ सालीं काढलेल्या उघड्या टपाच्या आवृत्तींत त्या बिजागरीची जागा खालीं आणून हा दोष पुष्कळ कमी करण्यांत आला. तरी त्यानें शिकविलेला धडा पुढील तीन पिढ्यांना पुरला: वेगवान मोटार हांकण्यास शिकणें म्हणजे प्रथम स्वतःच्या भीतीला शिस्त लावणें.

तथापि आज ज्या अर्थानें आपण 'सुपरकार' म्हणतों, त्या अर्थाची पहिली मोटार म्हणून बहुतेक लेखक लाम्बोर्गिनी मिउरा हिचेंच नांव घेतात. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हा मूळचा ट्रॅक्टर बनविणारा. त्यानें १९६३ सालीं इटलींतील सांतागाता या गांवीं मोटारींचा कारखाना काढला. तेथील दाल्लारा व स्तान्झानी हे अभियंते, बॉब वॉलेस हा न्यूझीलंडचा चालक, आणि बेर्तोने यांच्या कार्यशाळेंतील गान्दिनी हा आकारकार, हे चौघेहि त्या वेळीं तिशींच्या आंतले होते. शर्यतीच्या मोटारींत एंजिन चालकाच्या पाठीमागें ठेवण्याची पद्धत तोंवर रूढ झाली होती. ती यांनीं रस्त्यावरच्या मोटारींत आणण्याचें ठरविलें. १९६५ च्या नोव्हेंबरांत ट्यूरिनच्या प्रदर्शनांत नुसता सांगाडा मांडला, आणि १९६६ च्या मार्चमध्यें जिनिव्हा येथें पुरी मोटार लोकांपुढें आली. बारा सिलिंडरांचें, जवळजवळ चार लिटरांचें, ३५० अश्वशक्तीचें एंजिन चालकाच्या डोक्यामागें आडवें बसविलें होतें, आणि त्याच्या खालींच गिअर, एकाच तेलांत बुडालेले. मिउरा हें नांव स्पेनमधील झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या प्रसिद्ध घराण्याचें.

आतां या बैलावर स्वार होणाराचा अनुभव ऐका. तो जवळजवळ उताणा बसे. हात लांब ताणलेले, पाय मात्र दुमडलेले. क्लच जड, आणि गिअरचा दांडा लांबच्या सळ्यांनीं मागें जोडलेला असल्यामुळें तोहि जड. डोक्यामागें वीतभर अंतरावर बारा सिलिंडरांचा कल्लोळ चाले. शेजारी बसलेल्याशीं बोलावयाचें तर आवाज चढवावा लागे. उष्णता तर विचारूंच नये. परंतु या सर्व हालअपेष्टांच्या बदल्यांत मोटार त्याला भरपूर सांगत असे. एंजिनाचा स्वर चढतां-उतरतां तो कानानें समजे, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळे. गफलत होती ती एका ठिकाणीं. पेट्रोलची टांकी मोटारीच्या नाकांत होती. ती रिकामी होत जाई तसतसें पुढचें वजन घटे, आणि फार वेगांत वारा त्या देखण्या नाकाखालीं शिरून तें उचलूं लागे. मग हातांतील चक्र हलकें पडे, म्हणजे ज्या क्षणीं बातमीची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणीं मोटार बोलेनाशी होई. त्या वेळच्या अभियंत्यांना एंजिनाची विद्या उत्तम येत होती. वाऱ्याची विद्या मात्र अजून बाल्यावस्थेंत होती. मिउरा साडेसातशेंहून थोड्या अधिक निघाल्या. तिचें सौंदर्य आजहि वाखाणलें जातें. पण तिला पुऱ्या वेगानें नेणारा पाहुणा नव्हता, मानकरी होता, आणि मानकऱ्याला मान राखून वागावें लागतें.

यापुढें वीस वर्षें टाकून आपण १९८७ सालाकडे येऊं. इतिहासांत कधीं कधीं दोन विरुद्ध मतें एकाच वर्षीं समोरासमोर उभीं राहतात. तसें या वर्षीं झालें. जर्मनींतील पोर्शे कंपनीच्या ९५९ या मोटारी गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागल्या त्या याच वर्षीं, आणि इटलींतील मारानेल्लो येथें फेरारी एफ४० ही मोटार २१ जुलै रोजीं जगापुढें आली तीहि याच वर्षीं. दोहोंचें एंजिन तीन लिटरांच्या आंतलें, दोहोंना दोन दोन टर्बोचार्जर, आणि दोहोंचा परमवेग ताशीं ३२० किलोमीटरच्या आसपास. कोष्टकांत त्या सख्ख्या बहिणी दिसतात; परंतु चालकाच्या दृष्टीनें त्यांच्यांत आकाशपाताळाचें अंतर आहे.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हें दोन वाक्यांत सांगतों. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरवावयाची आणि तिच्याकडून एंजिनांत हवा कोंबून घ्यावयाची. म्हणजे लहान एंजिन मोठ्याचें काम करतें. मात्र चक्की गरगरूं लागेपर्यंत वेळ जातो. तोंवर चालक पाय दाबून बसला तरी मोटार स्वस्थ, आणि चक्कीला जोर आला कीं पाठींत लाथ बसावी तशी ती उसळते.

पोर्शेच्या अभियंत्यांनीं ही उसळी मोडून काढण्याचा चंग बांधला. त्यांनीं दोन चक्क्या एकामागून एक जागृत होतील अशी योजना केली. पहिली लवकर, दुसरी मागाहून. ४५० अश्वशक्ति चारी चाकांना वांटून दिली, आणि कोणत्या चाकजोडीला किती द्यावयाची हें ठरविण्याचें काम संगणकाकडे सोंपविलें. रस्ता कोरडा आहे, ओला आहे कीं बर्फाचा आहे, हें चालकानें एक खटका हालवून सांगावयाचें. मोटारीची जमिनीपासूनची उंची बदलतां येई. टायरांतील हवा कमी झाल्यास सूचना मिळे. ब्रेक दाबतांना चाकें जाम होऊं नयेत म्हणूनहि यंत्रणा होती. हीच मोटार सहारा वाळवंटांतून जाणारी पॅरिस-डाकार शर्यत १९८६ सालीं जिंकून आली होती. म्हणजे हें कांहीं नाजूक प्रदर्शनी बाहुलें नव्हतें. ती हांकणारांचें म्हणणें बहुधा एकच पडतें: पावसांत, वांकणांवर, ज्या वेगानें जाण्याचा विचारहि दुसऱ्या मोटारींत करवणार नाहीं त्या वेगानें ही शांतपणें निघून जाते. आणि याच स्तुतींत तिच्याविरुद्धची तक्रारहि दडलेली आहे. आपण किती वेगानें चाललों आहों हें कळतच नाहीं. कांटा पाहिला तेव्हांच धस्स होतें.

एफ४० ची गोष्ट नेमकी उलट. एंझो फेरारी हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होता. आपल्या नांवाच्या मोटारींस चाळीस वर्षें झालीं त्या निमित्तानें काढलेली ही मोटार त्याच्या संमतीनें निघालेली शेवटची. १४ ऑगस्ट १९८८ रोजीं तो वारला. ४७८ अश्वशक्ति, आणि ती सगळी मागच्या दोनच चाकांना. स्टिअरिंगला यंत्राची मदत नाहीं, ब्रेकलाहि नाहीं. आंत गालिचा नाहीं, रेडिओ नाहीं. दार उघडण्यासाठीं हातळाच्या जागीं एक दोरी ओढावयाची. जोडकामावरचा हिरवा गोंद झांकण्याचीहि तसदी कोणी घेतलेली नव्हती. आरंभींच्या मोटारींत खिडक्यांना कांचेच्या जागीं सरकणारें प्लॅस्टिक होतें. एक चैन मात्र ठेवली होती, ती हवा गार करणाऱ्या यंत्राची. कारण त्याशिवाय आंत बसणेंच अशक्य झालें असतें. हिच्या चक्क्या दोन्ही एकदमच जाग्या होत. एंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या आसपास येईपर्यंत ती बरीचशी सोशीक असे. त्यानंतर तिची झडप सुरू होई. म्हणून चालकानें पुढचा विचार आधीं करावयाचा. वळणाच्या मध्यावर जी शक्ति हवी, तिची मागणी वळणाच्या आधींच करावयाची, आणि ती येऊन पोंचेल तेव्हां मोटारीचें तोंड सरळ झालेलें असेल याची खातरजमा स्वतःच करावयाची. जो हें शिके त्याला एफ४० सर्व कांहीं सांगे. जो न शिके त्याला ती एकच गोष्ट सांगे, आणि तीहि उशीरां.

या दोन मोटारींत श्रेष्ठ कोणती, हा वाद तेव्हांपासून चालू आहे. मला त्यांत शाळेंतील दोन प्रकारचे गुरुजी दिसतात. एक मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात. दुसरे पाटी देऊन दूर उभे राहतात. पहिल्यांच्या वर्गांत कोणी पडत नाहीं. दुसऱ्यांच्या वर्गांतून जो पार पडतो त्याचें अक्षर त्याचें स्वतःचें असतें. पहिल्यांच्या वर्गांत पुढें गर्दी झाली, आणि ती कां झाली हें समजण्यासारखें आहे. कारण पाटीवरची चूक पुसतां येते, रस्त्यावरची येत नाहीं.

यापुढचें पाऊल टाकलें तें जपाननें. होंडा कंपनीनें १९९० सालीं विक्रीस आणलेली एनएसएक्स ही मोटार शक्तीनें थोर नव्हती; सुमारें पावणेतीनशें अश्वशक्तीचीच होती. तिचें सर्व शरीर ॲल्युमिनियमचें. चालकास चारी बाजूंचें स्वच्छ दिसावें म्हणून लढाऊ विमानाच्या सारथ्याची जागा डोळ्यांपुढें ठेवून तिची बैठक आंखली होती. ब्राझीलचा जगज्जेता चालक आयर्टन सेना यानें सुझुका येथें ती चालवून पाहिली आणि तिचा सांगाडा अजून पुरेसा कणखर नाहीं असा अभिप्राय दिला, त्यावर अभियंत्यांनीं तो अधिक ताठ केला. वेगवान मोटार म्हणजे पाठदुखी, उकाडा आणि जड क्लच असलाच पाहिजे हा समज या मोटारीनें खोटा पाडला. रोज कचेरीस न्यावी इतकी ती शहाणी होती, आणि तरीहि ती चालकाला मुकेपणानें वागवीत नसे.

तिची कदर ज्यानें उघडपणें केली तो गॉर्डन मरे. दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें जन्मलेला हा अभियंता इंग्लंडांत शर्यतीच्या मोटारी आंखून नांवारूपाला आला होता. मॅक्लारेन कंपनीसाठीं त्यानें आंखलेली एफ१ ही मोटार २८ मे १९९२ रोजीं मोनॅको येथें प्रकट झाली. बसण्यास ती किती सुखाची असावी याचें माप म्हणून मरेनें होंडाचीच मोटार पुढें ठेवली होती. मात्र त्याचा ध्यास वेगळाच होता, तो वजनाचा. सगळें अंग कार्बनच्या तंतूंचें करून त्यानें मोटारीचें वजन ११४० किलोच्या आसपास राखलें. टर्बोचार्जर त्यानें नाकारला. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कारखान्यांतील पॉल रोशे यानें त्याच्यासाठीं ६.१ लिटरांचें, बारा सिलिंडरांचें, ६२७ अश्वशक्तीचें एंजिन केलें. तें पायाच्या अंगठ्याच्या हालचालीस तत्काल जाब देई. आणि सर्वांत विशेष गोष्ट म्हणजे चालकाची जागा मधोमध, रथांतल्यासारखी. दोन पाहुणे त्याच्या दोन्ही बाजूंस थोडे मागें. डावीकडचें वळण आणि उजवीकडचें वळण त्याला सारखेंच दिसे. चढून मध्यें जाऊन बसतांना कसरत होई, हें खरें. पण एकदां बसल्यावर मोटार आपल्या दोन्ही खांद्यांवर सारखी पसरली आहे असें वाटे.

मरेनेंहि ब्रेकला अगर स्टिअरिंगला यंत्राचें साहाय्य दिलें नाहीं. म्हणून शहरांतील हळू गतींत चक्र जड लागे आणि ब्रेक जोरानें दाबावा लागे. परंतु त्याचा हिशेब असा होता कीं, वजनच कमी ठेवलें तर साहाय्याची गरजहि कमी भासेल आणि रस्त्याची बातमी हातापायांपर्यंत गाळली न जातां पोंचेल. अशा मोटारी अवघ्या १०६ झाल्या. १९९५ सालीं ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत याच जातीच्या मोटारीनें पहिला क्रमांक मिळविला. ३१ मार्च १९९८ रोजीं जर्मनींतील एरा-लेसीन येथील, जवळजवळ नऊ किलोमीटर सरळ असलेल्या चाचणीपट्ट्यावर, अँडी वॉलेस या इंग्लिश चालकानें ती ताशीं ३८६.४ किलोमीटर वेगानें नेली. हें नांव लक्षांत ठेवा. तें पुन्हां येणार आहे.

आतां थोडें गणित करूं. मोटार फार वेगानें धांवूं लागली म्हणजे तिची बहुतेक शक्ति वारा फोडण्यांत खर्च होते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो, आणि त्यासाठीं लागणारी शक्ति वेगाच्या घनानें. सव्वाचा घन काढा. तो दोनाला अगदीं थोडा कमी येतो. म्हणजे वेग सव्वापट व्हावयाचा असेल तर शक्ति जवळजवळ दुप्पट पाहिजे. एफ४० चा परमवेग ताशीं ३२४ किलोमीटर. त्याची सव्वापट ४०५. तिची अश्वशक्ति ४७८. तिची दुप्पट ९५६. आणि २००५ सालीं फ्रान्समधील मोल्साइम येथें जी बुगाती व्हेरॉन तयार होऊं लागली, तिचा वेग होता ४०७ किलोमीटर व शक्ति १००१. दोन्ही मोटारींची घडण भिन्न असतांहि आंकडे इतके जवळ यावेत, यावरून वारा कोणाच्याहि घराण्याची भीड ठेवीत नाहीं, एवढें कळतें.

व्हेरॉन ही फोक्सवागन कंपनीच्या फेर्डिनांड पीएख या मुख्याच्या हट्टाचें फळ. सोळा सिलिंडर, चार टर्बोचार्जर, दहा रेडिएटर; वजन १९०० किलोच्या जवळपास, म्हणजे मरेच्या मोटारीहून सुमारें साडेसातशें किलो अधिक. पुऱ्या वेगानें नेल्यास शंभर लिटरांची टांकी बारा मिनिटांच्या सुमारास रिकामी होई. आणि असें असूनहि ती हांकणें अतिशय सोपें. दोन क्लचांची सात गिअरांची पेटी आपोआप गिअर बदले. चारी चाकें जमीन धरून ठेवीत. जोरानें ब्रेक दाबला कीं मागचा पंख ताठ उभा राहून वाऱ्याचाच ब्रेक करी. आंत कातडें, शांतता आणि थंड हवा. मात्र ताशीं ३७५ किलोमीटरच्या पुढें जावयाचें असेल तर मोटार थांबवून बैठकीशेजारीं एक निराळी किल्ली फिरवावी लागे. मग मोटार खालीं दबे, पंख आंत जाई, आणि सर्व कांहीं ठीक असल्याची यंत्राची खात्री पटली तरच पुढची परवानगी मिळे. मिउराच्या काळीं मोटार कितपत विश्वासाची आहे याची परीक्षा चालक घेई. येथें परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्या जागा बदलूं लागल्या होत्या.

याच सुमारास पोर्शे कंपनीनेंच काढलेली कॅरेरा जीटी ही मोटार मात्र जुन्या वळणाची होती. ९५९ चा जिनें पाठ दिला, तिनेंच २००३ ते २००६ या काळांत ही काढावी हें नवल. दहा सिलिंडर, हातानें बदलावयाचे गिअर, त्यांच्या दांड्याला बीच लांकडाची मूठ, आणि वळणावर घसरूं लागल्यास सांवरून धरणारी यंत्रणा मुळींच नाहीं. तिचा क्लच इतका तडकाफडकी बसे कीं अनुभवी माणसांनाहि पहिल्या चौकांत एंजिन बंद पडल्याची शरम वांट्यास येई. एकाच काळीं दोन टोकांच्या मोटारी विकल्या जात होत्या, आणि दोहोंनाहि गिऱ्हाईक होतें.

मघांच्या अँडी वॉलेसकडे आतां वळूं. १९९८ सालीं मॅक्लारेन घेऊन जो एरा-लेसीनच्या पट्ट्यावर गेला होता, तोच २ ऑगस्ट २०१९ रोजीं बुगातीची शिरॉन ही मोटार घेऊन पुन्हां त्याच पट्ट्यावर उतरला. या वेळीं वेग झाला ताशीं ४९०.४८४ किलोमीटर. ही धांव एकाच दिशेनें झाली, आणि मोटार मुद्दाम सजविलेली होती. तिचे टायर बसविण्यापूर्वीं क्ष-किरणांनीं तपासले होते. या वेगाला सेकंदास १३६ मीटर अंतर जातें. डोळ्यानें पाहून मेंदूनें हुकूम देऊन पायानें तो बजावण्यास एक सेकंद लागला असें धरा. तेवढ्यांत मोटार एका मोठ्या क्रीडांगणाच्या पलीकडे गेलेली असते. पट्ट्याच्या पृष्ठभागांत एका जागीं थोडा फरक आहे, तेथें मोटार उडी घेई, हें त्यानें नंतर सांगितलें. इतकें साहाय्य, इतके संगणक असतांहि त्या उडीनंतरचे कांहीं क्षण माणसाच्या हातांचेच राहिले. वाऱ्याप्रमाणें जमीनहि अद्याप कोणाची ताबेदार झालेली नाहीं.

आतां शेवटची पिढी. क्रोएशिया हा लहानसा देश मोटारींसाठीं कधींच प्रसिद्ध नव्हता. तेथील मेट रिमाक या तरुणानें जुन्या बीएमडब्ल्यूला विजेची मोटर बसवून आरंभ केला, आणि २०२१ सालीं त्याच्या कारखान्यानें नेव्हेरा ही विजेची मोटार काढली. चार चाकांना चार स्वतंत्र मोटरी, एकंदर १९१४ अश्वशक्ति. आणि जागेवरून ताशीं १०० किलोमीटर वेग गांठण्यास दोन सेकंदांहून कमी वेळ. त्याच वर्षीं बुगाती आणि रिमाक या नांवांची एकत्र कंपनीहि झाली. या मोटारींत चक्की जागी होण्याची वाट पाहावयाची नाहीं, गिअर बदलावयाचा नाहीं, एंजिनाच्या स्वरावरून अंदाज बांधावयाचा नाहीं. कोणत्या चाकाला किती जोर द्यावयाचा हें संगणक सेकंदाला अनेक वेळां ठरवितो. पाय दाबला कीं शरीर पाठीमागें चेपलें जातें, आणि ऐकूं येतो तो वाऱ्याचा व टायरांचा आवाज. दमयंती आज गच्चीवर उभी राहिली तर रथ ओळखणें तिला कठीण जाईल. आणि सारथी ओळखणें तर त्याहून कठीण.

मरेनें काय केलें तेंहि पाहण्यासारखें आहे. सत्तरी ओलांडल्यावर, १९९२ नंतर अठ्ठावीस वर्षांनीं, २०२० सालीं त्यानें टी.५० ही मोटार दाखविली. पुन्हां चालकाची जागा मधोमध, पुन्हां बारा सिलिंडर, पुन्हां हातानें बदलावयाचे गिअर. वजन हजार किलोच्या आंत. मोटार जमिनीला धरून राहावी म्हणून मागें ४० सेंटिमीटर व्यासाचा पंखा. परमवेगाचा विक्रम करण्याची त्याला इच्छा नव्हती, हें त्यानें स्पष्टच सांगितलें होतें. ज्यानें एकदां वेगाची शर्यत जिंकली होती, तोच आतां हाताला काय कळतें याकडे अधिक लक्ष देऊं लागला.

तर मग या सगळ्यांचा निष्कर्ष काय? मोटारींनीं चालकाला सांगणें हळूहळू कमी केलें आणि क्षमा करणें हळूहळू वाढविलें. यांतील दुसरी गोष्ट निःसंशय चांगली आहे. चाकें जाम न होऊं देणारे ब्रेक, घसरण सांवरणारी यंत्रणा, कणखर सांगाडे हीं सारीं साधनें महागड्या मोटारींपुरतीं राहिलीं नाहींत. तीं आज मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या मोटारींतहि आलीं आहेत आणि त्यांनीं असंख्य जीव वांचविले आहेत. ३०० एसएलच्या मागच्या आसासाठीं अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं.

परंतु पहिल्या गोष्टीचा विचार निराळा आहे. जुन्या मोटारीचा जड क्लच, तिचा उकाडा, तिचा कल्लोळ, हे एक प्रकारचे दरवान होते. त्यांनीं कित्येकांना दारांतूनच परत पाठविलें, आणि जे आंत गेले त्यांना पायरीपायरीनें चढविलें. आज दरवान उठून गेले आहेत. पूर्वीं ज्या वेगासाठीं वर्षांची उमेदवारी लागे, तो आज पैसे मोजतांच पायाखालीं येतो, आणि तोहि इतक्या निमूटपणें कीं आपण कशाला हात घातला आहे हें हाताला समजत नाहीं. भौतिकशास्त्र मात्र तेंच आहे. वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते. चौपट झाला कीं सोळापट. मोटार आंतल्या माणसाला क्षमा करावयास शिकली आहे. रस्त्यावरच्या माणसाला क्षमा करण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. पुण्याच्या कल्याणीनगर भागांत १९ मे २०२४ च्या पहाटेपूर्वीं अशाच एका वेगवान, विजेवर चालणाऱ्या मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. चालविणारा अल्पवयी मुलगा होता असा आरोप आहे, आणि त्याचा निवाडा न्यायासनानें करावयाचा आहे. पण ते दोन जीव कोणत्याहि निवाड्यानें परत येणार नाहींत.

म्हणून तरुण श्रोत्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, या यंत्रांचें कौतुक अवश्य करा. तीं मनुष्याच्या बुद्धीचीं फळें आहेत आणि कौतुकास पात्र आहेत. ज्यांना जमेल त्यांनीं तीं शर्यतीच्या बंद मार्गावर, जाणत्या शिक्षकाला शेजारीं बसवून हांकून पाहावींत. मात्र नळाची कथा वाचतांना एक गोष्ट विसरूं नका. त्या रथाचे घोडे दिसण्यांत इतके कृश होते कीं, हे पोंचवितील कसे अशी ऋतुपर्णाला शंका आली होती. रथ वेगानें गेला तो घोड्यांच्या किंमतीमुळें नव्हे. हांकणाराला अश्वहृदय अवगत होतें, आणि तें त्यानें बाजारांतून आणलें नव्हतें.